पक्ष्यांचं टपाल

दोस्तांनो, एक अवघड काम सांगू? काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सगळ्या पक्ष्यांची माहिती लिहून काढायची. कोण कुठे राहतो, घरटं कधी बांधतो, अंडी किती घालतो, सगळं! जवळ मोबाईल नाही, कॅमेरा नाही आणि तुम्ही बसलाय सिमल्याच्या डोंगरात. मग अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर आज कोणता पक्षी उतरला, हे तुम्हाला कळणार कसं?

दीडशे वर्षांपूर्वी ॲलन ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्यांनी हेच काम अंगावर घेतलं होतं. दिवसा सरकारी कचेरी आणि उरलेल्या वेळात पक्षी! त्यांनी उपाय शोधला तो पत्रांचा. देशभर विखुरलेल्या पक्षीवेड्यांना ते पत्रं लिहीत. कुणी लष्करात, कुणी रेल्वेत, कुणी मिशनरी. सोय अशी की 1854 पासून टपालाचा दर अंतरावर नव्हे, वजनावर ठरू लागला होता. पत्र शेजारच्या गावाला जावो की सिमल्याला, तिकीट सारखंच. पुढे 1879 मध्ये तर पाव आण्याचं पोस्टकार्डच निघालं.

आता विचार करा, पत्रात काय लिहायचं? ‘आज एक सुंदर पक्षी दिसला’ एवढ्याने भागत नाही. जागा हवी, तारीख हवी. पक्षी हातात असेल तर लांबी, पंख, शेपूट मोजायची. आणि डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंग ताबडतोब टिपायचा. का बरं? त्या काळी अभ्यासासाठी पक्षी मारून त्यांची कातडी जपून ठेवत. पिसांचे रंग बरेच टिकतात, पण डोळ्यांचा रंग मरणानंतर लगेच जातो. चोच आणि पायही फिके पडतात. त्या वेळी कुणी लिहून ठेवलं नाही, तर नंतर कुणालाच सांगता येणार नाही!

ही सगळी माहिती सर्वांना वाचता यावी म्हणून ह्यूम यांनी 1872 मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक काढलं. त्यात आपलं कोकणही आहे बरं का. रत्नागिरी भागात नोकरी करणाऱ्या व्हिडाल नावाच्या अधिकाऱ्यांनी दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी त्यात 1880 मध्ये छापली. अहमदनगरला मराठी मिशनचं काम करणारे फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगावचे पक्षी त्यात नोंदवले.

आणि मग घात झाला. ह्यूम सिमल्याबाहेर असताना घरातल्या एका नोकराने त्यांचे कागद बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकले. त्यात पक्ष्यांवरच्या मोठ्या पुस्तकाचं हस्तलिखित होतं आणि वर्षानुवर्षं जमवलेली पत्रं होती. सगळं पुड्या बांधायला गेलं! ह्यूम इतके खचले की त्यांनी पक्ष्यांचा अभ्यासच थांबवला. पक्ष्यांची कातडी आणि अंडी मिळून सुमारे 82 हजार नमुने त्यांनी 1885 मध्ये लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली, त्यात पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच!

मग उरलं काय? जे छापून झालं होतं, ते सगळं उरलं. व्हिडाल यांची कोकणची यादी आजही अभ्यासक वाचतात.

निरखायचं, लिहायचं आणि छापायचं, हा वारसा थळच्या अगदी शेजारी पुढे चालला. उत्तरेला जवळच असलेल्या किहीमला 1930 मध्ये पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली सुगरणीची घरटी निरखत बसले. त्यांना दिसलं ते असं: नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते आणि पसंत पडलं तरच आत राहते. ती अंड्यांवर बसली की नर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! सालिम अलींनी हे वहीत कोंडून ठेवलं नाही. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुढच्याच वर्षी छापलं.

आता तुमची पाळी. थंडीत थळच्या कोळीवाड्यात मासळी उतरते, तिथे कुरव पक्ष्यांची झुंबड उडते. यातले काही पाहुणे मध्य आशियातल्या उंच पठारांवरून येतात. त्यातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाकडे नीट बघा. थंडीत त्याचं डोकं पांढरं असतं, फक्त डोळ्यामागे एक काळसर ठिपका. उन्हाळा जवळ आला की डोकं तपकिरी होऊ लागतं. पहिला कुरव कोणत्या तारखेला आला? पहिलं तपकिरी डोकं कधी दिसलं? शेवटचा थवा कधी गेला? पक्ष्याला हात लावायची गरज नाही, वही आणि पेन्सिल पुरे. तारीख, वेळ, जागा लिहा आणि पत्र आमच्याकडे धाडा. जे दिसलं तेवढंच लिहा. चांगल्या नोंदी आम्ही नक्की छापू.