राष्ट्रीय सेवा योजनेचे महाविद्यालयीन पथक

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी शिक्षण चालू असताना समाजसेवेसाठी स्वेच्छेने एकत्र येऊन बनविलेला व एका अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली चालणारा गट. एका पथकात सामान्यतः १०० स्वयंसेवक असतात. मार्गदर्शक अध्यापकास कार्यक्रम अधिकारी म्हणतात. स्वयंसेवकाचे सदस्यत्व दोन वर्षांचे असून त्या काळात त्याने २४० तास नियमित सेवाकार्य करावे व सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी अपेक्षा असते. ‘मी नव्हे, तुम्ही’ या आशयाचे योजनेचे ब्रीदवाक्य असून कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्रावर तिचे बोधचिन्ह आधारलेले आहे. चक्राचे आठ आरे दिवसाचे आठ प्रहर सुचवितात.

विद्यार्थ्यांनी आपली संघटना बांधावी, तिच्यात नव्यांना घ्यावे आणि जुन्यांनी त्यांना घडवावे, ही प्रथा अनेक देशांत आढळते. अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारे बंधुसंघ हे तिचे सर्वांत ठळक रूप होय. त्यांचा उगम १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपा या संस्थेपर्यंत नेता येतो. अशा संघाची प्रत्येक महाविद्यालयात एक शाखा असते. नव्या विद्यार्थ्यांना मेजवान्यांना बोलावून पारखले जाते, विद्यमान सदस्य त्यांतून निवड करतात आणि उमेदवारीच्या काळानंतर गुप्त विधीने दीक्षा दिली जाते. या उमेदवारीत नवोदितांचा छळ होऊन मृत्यूही घडले आहेत. महाराष्ट्रात ही प्रथा रुजली नाही. सेवा योजनेचे पथक हे येथील विद्यार्थिजीवनातील त्याच्या सर्वांत जवळचे रूप मानता येईल. मात्र त्याचा पाया नेमका उलट आहे. पथकात निवडीचे मतदान नाही, गुप्तता नाही आणि दीक्षाविधीही नाही. जो वेळ देईल तो सदस्य. नवागतांच्या छळवणुकीस महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमाने बंदी असून विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियमही तिला प्रतिबंध करतात.

योजनेची कल्पना विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) प्रथम मांडली. पुढे चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९५९) शालान्त शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांना नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा असावी, अशी शिफारस केली. खर्च व अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती बाजूस पडली. सक्ती टळली, हे योजनेच्या हिताचेच झाले, असे म्हणावे लागते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सर्व स्तरांवरील विद्यार्थ्यांना समाजसेवेशी जोडण्याचा आग्रह धरला आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत सु. ४०,००० विद्यार्थ्यांसह योजनेचा प्रारंभ केला.

विदर्भात योजनेला सकस भूमी आयती मिळाली. हातात खराटा घेऊन गाव झाडणारे संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) आणि ग्रामगीतेतून श्रमदान व ग्रामस्वच्छतेचा विचार घरोघर पोहोचविणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) हे दोघेही अमरावती जिल्ह्यातले. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने तरुणांना कुदळ-फावड्याची ओळख करून दिली होती. पथकांच्या वार्षिक शिबिराला महाराष्ट्रात ‘श्रमसंस्कार शिबिर’ हे नाव रूढ झाले आहे. विदर्भातील शिबिरांतून तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना ऐकू येते. ती स्वयंसेवकांना शिकवावी लागत नाही, कारण पुष्कळांना ती गावातूनच पाठ असते.

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव हे यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरील तालुक्याचे ठिकाण. जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या (सांप्रत संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ) क्षेत्रात येतात. अशा गावच्या महाविद्यालयात स्वयंसेवकांची नोंदणी कशी होते, हे पाहिले म्हणजे योजनेचे बळ व तिची दुखणी दोन्ही लक्षात येतात. पावसाळ्याच्या आरंभी प्रवेश सुरू होतात, तेव्हा शिवारात पेरणी, डवरणी व निंदणाची धांदल असते. कार्यक्रम अधिकारी वर्गावर्गांत जाऊन माहिती देतो, सूचनाफलकावर पत्रक लावतो. परंतु नवे विद्यार्थी येतात ते मुख्यतः दुसऱ्या वर्षाच्या स्वयंसेवकांच्या सांगण्यावरून. एकाच एस. टी. बसने ये-जा करणारा शेजारच्या गावचा मुलगा मागील शिबिराच्या हकिकती सांगतो आणि त्याच्या मागोमाग त्या गावची दोघे-तिघे नावे देतात. हीच येथील खरी भरती होय. मुलींच्या बाबतीत ती आणखी एक पायरी मागते. शिबिरात सात रात्री घराबाहेर राहावयाचे असल्याने पालकांची संमती लागते, आणि ती फलकावरील पत्रकाने मिळत नाही. प्राध्यापिका घरी जाऊन आली, किंवा आदल्या वर्षी जाऊन आलेल्या मुलीच्या आईने शेजारणीला धीर दिला, तरच ती मिळते.

वर्षाच्या १२० तासांपैकी सु. २० तास परिचय व प्रशिक्षणाचे, ३० पर्यंत महाविद्यालयाच्या आवारातील कामाचे आणि उरलेले लोकवस्तीतील कामाचे असतात. वृक्षारोपण, रक्तदान, स्वच्छता, मतदार जागृती इ. कामे सर्वत्र सारखीच. त्यांचा तपशील देण्याचे कारण नाही. पथकाचे खरे जीवन दत्तक घेतलेल्या गावातील शिबिरात दिसते. पथकातील निम्मे, म्हणजे सु. ५० स्वयंसेवक जिल्हा परिषदेच्या शाळेत वा समाजमंदिरात मुक्काम करतात. पहाटे प्रार्थना व प्रभातफेरी, सकाळी श्रमदान (शोषखड्डे खणणे, नाल्यावर वाळूच्या पोत्यांचा वनराई बंधारा घालणे, पाणंद रस्ता दुरुस्त करणे), दुपारी बौद्धिक सत्र व घरोघर सर्वेक्षण, सायंकाळी गावकऱ्यांपुढे नाटुकली-गाणी आणि रात्री दिवसाच्या कामाचा आढावा, असा क्रम असतो. स्वयंपाक गटागटाने, पाळीपाळीने करतात. घरी चुलीकडे कधी न फिरकलेली मुले येथे पोळ्या लाटतात आणि निरनिराळ्या जातींचे विद्यार्थी एका पंगतीत जेवतात; हा भाग अहवालात एका ओळीत उरकला जातो, पण विद्यार्थी पुढे आठवण काढतात ती त्याचीच. सर्वेक्षणाचे विषय स्थानिक असले, तर गावही त्यात रस घेते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर हातमोजे, मुखाच्छादन व औषधांच्या मिश्रणाची जोखीम हा विषय येथील शिबिरांना घरचाच झाला. बेंबळा प्रकल्पामुळे स्थलांतरित झालेल्या बाभुळगाव तालुक्यातील वस्त्यांमधील सोयींची पाहणी हाही असाच एक विषय होय.

शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात आणि याच सुमारास कापसाची वेचणी चालते. ज्या घरात मुलाची किंवा मुलीची वेचणीची मजुरी संसाराला लागते, त्या घराला सात दिवसांचे शिबिर म्हणजे सात दिवसांचे उत्पन्न सोडणे. परिणामी ज्या श्रमजीवी घरांसाठी योजना आखली, त्यांचीच मुले कित्येकदा नोंदणीपत्रात राहतात व शिबिरात दिसत नाहीत. प्रवेश सर्वांना खुला असला, तरी सवड सर्वांना सारखी नसते. अमेरिकी बंधुसंघात मतदानाने होते ती गाळणी येथे हंगाम करतो. शिबिराच्या तारखा वेचणीच्या उतारात घेणे हा साधा उपाय असला, तरी परीक्षांचे वेळापत्रक आड येते.

दुसरी अडचण गुणांची. स्वयंसेवकांना काही विद्यापीठांत परीक्षेत सवलतीचे गुण मिळत आले आहेत आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत सेवाकार्याला श्रेयांकही आले. यामुळे नोंदणी वाढते. परंतु केवळ गुणांसाठी नाव घालणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी नव्यांना आणत नाही. त्यात दरवर्षी निम्मे सदस्य बदलतात. बंधुसंघाप्रमाणे येथे आजन्म सभासदत्व नाही, स्वतःची वास्तू नाही, माजी सदस्यांचा निधी नाही. पथकाची स्मृती कार्यक्रम अधिकाऱ्यापाशी आणि स्वयंसेवकांच्या दैनंदिनीत असते. अधिकाऱ्याचा कार्यकाल संपला की दत्तक गाव बदलण्याचा मोह होतो व अर्धा बांधलेला बंधारा तसाच राहतो. म्हणून काही पथके निरोपाच्या कार्यक्रमात दुसऱ्या वर्षाच्या गटनायकांकडून कामाच्या नोंदवह्या, अवजारांची यादी आणि गावातील संपर्काच्या माणसांची नावे पुढील गटनायकांच्या स्वाधीन करवून घेतात.