गणपतरावांचा फिरता उत्सव

नौपाड्यात राहणाऱ्याला नाटकासाठी रिक्षा करावी लागत नाही. गोखले रोड धरायचा, स्टेशनकडच्या गर्दीतून वाट काढत तलावपाळीला यायचं, की गडकरी रंगायतन आलंच. नाटक सुटलं की त्याच वाटेनं, पाहिलेल्यावर तावातावानं वाद घालत, घरी. १९७८ पासून नौपाडकरांच्या किती तरी संध्याकाळी अशा गेल्या आहेत. त्या रंगायतनाला ज्यांचं नाव आहे त्या राम गणेश गडकऱ्यांना ‘महाराष्ट्राचे शेक्सपिअर’ म्हणायची पद्धत आहे. मग एकदा मनात येतं, की शेक्सपिअरच्या नावाची इमारत आपल्याला चालत जाण्याइतकी जवळ आहे. पण शेक्सपिअरचा उत्सव? नुसती शेक्सपिअरची आणि त्याच्या काळची नाटकं ओळीनं लावणारा, दरवर्षी ठरल्या वेळी भरणारा उत्सव आपल्याकडे कधी होता का?

होता. फक्त तो एका गावात बसलेला नव्हता.

इंग्रजांकडे या उत्सवांची सुरुवात मोठी गमतीदार आहे. १७६९ च्या सप्टेंबरात डेव्हिड गॅरिक या नटश्रेष्ठानं शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला, तीन दिवसांचा जंगी सोहळा ठरवला. पात्रांची मिरवणूक निघायची होती, आतषबाजी व्हायची होती. पाऊस असा कोसळला की एव्हन नदी फुगली आणि मिरवणूक रद्द झाली. मुख्य म्हणजे त्या तीन दिवसांच्या कार्यक्रमात शेक्सपिअरचं एकही नाटक नव्हतं. भाषणं, गाणी, मेजवान्या सगळं होतं, नाटक तेवढं नव्हतं. नाट्यसंमेलनांना हजेरी लावलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही. गॅरिक मात्र व्यवहारी निघाला. जी मिरवणूक पावसात बुडाली तीच त्यानं लंडनला आपल्या थिएटरात रंगमंचावर काढली आणि झालेला तोटा भरून काढला.

खरा, नाटकांचा उत्सव सुरू व्हायला आणखी शंभरावर वर्षं लागली. स्ट्रॅटफर्डच्या चार्ल्स फ्लॉवर नावाच्या बिअरच्या कारखानदारानं नदीकाठची जागा दिली, थिएटर बांधून झालं आणि २३ एप्रिल १८७९ ला ‘मच अडू अबाउट नथिंग’नं त्याचा पडदा वर गेला. ते थिएटर १९२६ साली जळलं, १९३२ साली पुन्हा उभं राहिलं, आणि आज तिथं रॉयल शेक्सपिअर कंपनी नांदते.

मला यातलं १८७९ हे साल महत्त्वाचं वाटतं. त्याच साली पुण्यात शिकल्यासवरलेल्या तरुणांनी आर्योद्धारक नाटक मंडळी काढली. त्यांत गोविंद बल्लाळ देवल होते, शंकर मोरो रानडे होते. पौराणिक खेळांतली राक्षसांची आरडाओरड या मंडळींना नको होती. इंग्रजी शाळा-कॉलेजात जे वाचलं ते मराठीत, मराठी माणसांच्या तोंडून वदवायचं होतं. विष्णु मोरेश्वर महाजनींनी ‘सिंबेलीन’चं ‘तारा’ केलं होतं, ते त्यांनी लावलं. बडोद्यात झालेला ‘तारा’चा प्रयोग हॅरॉल्ड लिटलडेल या तिथल्या इंग्रज प्राध्यापकानं पाहिला आणि १८८० साली लंडनच्या ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये त्यावर लेख लिहिला. स्ट्रॅटफर्डचं नवं थिएटर जेमतेम वर्षाचं झालं होतं, तेव्हा मराठी ‘सिंबेलीन’ची बातमी लंडनच्या वाचकांपर्यंत पोचली होती!

आर्योद्धारक फार टिकली नाही. हौशी मंडळी होती, नोकऱ्या लागल्या, पांगली. पण तिनं टाकलेलं बी दुसरीकडे रुजलं. १८८१ साली साताऱ्यात शाहूनगरवासी नाटक मंडळी निघाली. शाहूनगर म्हणजे साताराच. आपला फिरता उत्सव तो हाच, ही गद्य नाटकांची कंपनी. आदल्याच वर्षी किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलेलं, सगळा महाराष्ट्र पदांवर डोलत होता. त्या काळात पेटीशिवाय, तंबोऱ्याशिवाय, नुसत्या बोलण्यावर तिकिटं खपवायची म्हणजे धाडसच. ते पेललं गणपतराव जोशी या नटानं. देवलांनी त्यांची तालीम घेतली. १८६७ साली जन्मलेल्या या माणसानं हॅम्लेट केला, ऑथेल्लो केला, पेट्रुशिओ केला आणि तुकारामही केला. आज डेन्मार्कचा राजपुत्र, उद्या देहूचा वाणी. त्यांच्यासमोर स्त्रीभूमिकेत बाळाभाऊ जोग असत. ही जोडी बघायला लोक बैलगाड्या जोडून येत, असं आमच्या आजोबांच्या पिढीची माणसं सांगायची.

त्यांची नाटकं कुणी लिहून दिली तेही पाहण्यासारखं आहे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. त्या तुरुंगात आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं भाषांतर हातावेगळं केलं, आणि १८८३ साली ते ‘विकारविलसित’ म्हणून छापून आलं. सूड घेऊ की नको या विचारानं कुढणारा राजपुत्र कोठडीत बसून मराठीत आणला गेला, हे आपल्या नाट्येतिहासात पुरेसं सांगितलं जात नाही. फर्ग्युसन कॉलेजचे वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’चं ‘त्राटिका’ केलं. शिवराम महादेव परांजपे, पुढे ‘काळ’ पत्रातल्या लेखांसाठी तुरुंगात गेलेले, त्यांनी ‘मॅकबेथ’चा ‘मानाजीराव’ केला. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’. थोडक्यात, इंग्रज सरकारशी भांडणारी माणसंच इंग्रजांचा सगळ्यात मोठा नाटककार मराठीत आणत होती.

नावांवर जरा थांबतो. डेस्डिमोनाची कमळजा झाली, इयागोचा जाधवराव. केळकरांनी तर केवळ नाव देऊन नाटकाचा अर्धा परिचय उरकला. रामायणातल्या राक्षसिणीचं नाव दिल्यावर नायिका कशी आहे हे पडदा उघडण्याआधीच प्रेक्षकाला कळलं. (त्या बाईला ताळ्यावर आणणाऱ्या प्रतापरावाला टाळ्या मिळत, हे आज वाचताना घशात अडकतं. पण तो दोष मूळ नाटकातलाच.) आजचा शुद्धतेचा आग्रह धरणारा म्हणेल की हा शेक्सपिअरच नव्हे. माझं मत उलटं आहे. व्हेनिसच्या सेनापतीची आपल्या प्रेक्षकाला फिकीर नव्हती. पण कान भरणारा जाधवराव आणि त्याचं ऐकून बायकोचा गळा दाबणारा झुंझारराव त्याच्या गावात राहत होते.

आणि यात एक गोष्ट घडली जी भाषांतरकारांच्याही पूर्ण लक्षात आली असेल असं नाही. संस्कृत नाटकाच्या परंपरेत शेवट गोड होतो. दुष्यंताला शकुंतला परत मिळते. शाहूनगरवासीच्या तंबूत बसलेल्या माणसानं मात्र चांगल्या माणसाचं वाटोळं होताना, आणि त्याला वाचवायला कुठलाही देव येत नाही हे, रात्र रात्र पाहिलं. त्याला त्याची सवय झाली. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले. त्यानंतर काही दिवसांनीच ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर स्वतःच्या हातानं स्वतःचं आणि सिंधूचं आयुष्य संपवतो, आणि प्रेक्षक हे मान्य करतो. तो प्रेक्षक हॅम्लेट आणि झुंझाररावानं तयार केलेला होता. रंगायतनाच्या पाटीवरच्या नावाशी शेक्सपिअरचं नातं आहे ते असं. नुसत्या पदवीचं नाही.

एक खुलासा करतो, नाहीतर एखादा इंग्रजीचा प्राध्यापक रागवायचा. ‘एलिझाबेथकालीन’ हा शब्द आपण सैल वापरतो. एलिझाबेथ राणी १६०३ साली वारली. ‘किंग लिअर’ आणि ‘मॅकबेथ’ त्यानंतरची, जेम्स राजाच्या कारकिर्दीतली. शिवाय त्या काळात मार्लो होता, किड होता, बेन जॉन्सन होता. मराठीनं त्यांच्याकडे जवळपास पाहिलंच नाही. आपल्याकडे तो अख्खा काळ म्हणजे एक माणूस, एवढंच.

गणपतराव १९२२ साली गेले. शाहूनगरवासीचा जोर त्याआधीच ओसरला होता. पुढे उत्सव म्हणावा असं काही सलग घडलं नाही, सुटी सुटी शिखरं तेवढी उभी राहिली. १९५४ साली मुंबई मराठी साहित्य संघासाठी हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकानं वि. वा. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ बसवला. मॅकबेथच पुन्हा, आणि त्यात दुर्गाबाई खोटे. नाना जोगांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणला, विंदांनी ‘राजा लिअर’, पाडगावकरांनी ‘वादळ’. २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णींनी जोगांचंच भाषांतर घेऊन सुमीत राघवनला हॅम्लेट केलं, तेव्हा जवळपास एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा तो धागा पुन्हा व्यावसायिक रंगमंचावर दिसला. २०१२ साली लंडनच्या ग्लोब थिएटरनं सदतीस भाषांतून सदतीस नाटकं लावली. मुंबईतून अतुल कुमारांचं हिंदी ‘पिया बहुरूपिया’ गेलं, सुनील शानबागांचं गुजराती नाटक गेलं. मराठी नव्हतं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

पण मराठीतला खरा शेक्सपिअर उत्सव १९७० पासून एकाच नाटकात दडून बसलाय असं मला वाटतं. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’. गोवा हिंदू असोसिएशननं ते आणलं, पुरुषोत्तम दारव्हेकरांनी बसवलं, डॉ. लागूंनी उभं केलं. मुलांकडून हाकलला गेलेला म्हातारा हा लिअर, हे सगळ्यांना दिसतं. तो म्हातारा जुन्या भूमिकांचे तुकडे म्हणत राहतो, त्यांत हॅम्लेट येतो, ऑथेल्लो येतो. म्हणजे एका रात्रीत अख्खं पर्व. आणि त्याचं नाव काय, तर गणपतराव बेलवलकर. शिरवाडकरांनी हे नाव सहज ठेवलं असेल यावर माझा विश्वास नाही.

आता उत्सवाकडे परत येतो. ‘त्याला सरकारी अनुदान लागतं, मोठं शहर लागतं’ असं कुणी म्हणालं की मी दोन गावं सांगतो. अमेरिकेत ऑरेगन राज्यात ॲशलंड नावाचं लहान गाव आहे. १९३५ साली तिथल्या अँगस बोमर या मास्तरानं एका पडीक इमारतीच्या गोल भिंतींत शेक्सपिअर लावायचं ठरवलं. नाटकाला तोटा येणारच, या खात्रीनं नगरपालिकेनं दिवसा त्याच जागी मुष्टियुद्धाचे सामने ठेवले, म्हणजे त्यातून तोटा भरून निघेल. झालं भलतंच. मुष्टियुद्ध तोट्यात गेलं आणि तो खड्डा नाटकाच्या गल्ल्यातून भरला. तो उत्सव आजही चालू आहे.

दुसरं गाव कॅनडातलं, तेही नावानं स्ट्रॅटफर्डच. ते रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यांवर जगणारं. कारखान्यांना उतरती कळा लागली तेव्हा टॉम पॅटरसन या तिथल्या पत्रकारानं नाट्योत्सवाची कल्पना मांडली. नगरपालिकेनं त्याला न्यूयॉर्कला जाऊन यायला एकशे पंचवीस डॉलर दिले. १३ जुलै १९५३ ला एका मोठ्या तंबूत ॲलेक गिनेसनं तिसऱ्या रिचर्डच्या तोंडची पहिली ओळ म्हटली. तंबूच्या जागी पक्कं थिएटर १९५७ साली आलं. टोरांटोला मुलाकडे गेलेल्या ठाणेकरानं दीडशे किलोमीटर गाडी काढून तिथं एकदा जाऊन यावं. गाव नाटकावर कसं जगतं ते दिसेल.

आपल्या ठाण्याला तर रेल्वेचं अप्रूप सांगायला नको. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला इथंच येऊन थांबली. त्या तारखेनंतर बरोबर सात दिवसांनी, २३ एप्रिलला, शेक्सपिअरचा जन्मदिन मानला जातो. त्या आठवड्यात ठाण्यात असा उत्सव भरवावा. पाऊस यायला अवकाश असतो, गॅरिकसारखी फजिती व्हायची नाही. मोठं काही मागत नाही. ‘झुंझारराव’, ‘त्राटिका’, ‘विकारविलसित’, ‘राजमुकुट’ यांची नुसती अभिवाचनं झाली तरी चालतील. चार खुर्च्या, एक माईक, बोलू शकणारी सहा माणसं. घंटाळीत सभागृहं आहेत, शाळांना मैदानं आहेत, आणि ऐकायला येणारी माणसं तर नौपाड्याच्या प्रत्येक इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसलेली आहेत.

त्यासाठी आधी संहिता हव्यात. ही पुस्तकं दुकानात मिळत नाहीत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या काळापासूनचं, त्यामुळे तिथं सुरुवात करता येईल. पण जुन्या नौपाड्याच्या बैठ्या घरांतून सोसायट्यांत आलेल्या ट्रंका अजून माळ्यावर असतील. तुमच्या माळ्यावर आजोबांच्या वह्यांखाली पिवळ्या पानांचा ‘झुंझारराव’ किंवा ‘त्राटिका’ सापडला, तर पुनर्विकासाचं सामान बांधताना तो रद्दीवाल्याला देऊ नका. ग्रंथसंग्रहालयात नेऊन द्या.