एकाकी स्त्रीरूप आणि रूपकाचा प्रश्न

अमूर्त कल्पनेला एकाकी स्त्रीचे रूप देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकलेत दृढ होती. जी. एफ. वॉट्स यांच्या ‘होप’ (१८८६) या तैलचित्रात आशा डोळ्यांवर पट्टी बांधून गोलावर बसलेली आहे आणि तिच्या वाद्याची एकच तार उरली आहे. येथे प्रत्येक उपकरणाचा अर्थ लावता येतो. आपल्याकडेही ही रीत अपरिचित नव्हती. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या परंपरेतील नाटकांत आख्यानापूर्वी सरस्वती मयूरावर नाचत येई. प्रत्यक्ष वाग्देवताच रंगभूमीवर अवतरे आणि तिची ओळख पटण्यास मोर पुरेसा होई. सातारा जिल्ह्यातील औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. त्याच्या पौराणिक नायिकांना आधार असतो तो परिचित कथेचा.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांच्या दिवा घेतलेल्या स्त्रीच्या जलरंगचित्रास मात्र यांपैकी कोणताच आधार नाही. १९४५-४६ च्या सुमाराचे हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. एक साडी नेसलेली स्त्री, हाती दिवा, ज्योतीआड धरलेला दुसरा हात; एवढेच. तरीही ते ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाते व ती स्त्री ‘आशा’ ठरते. हे रूपकत्व चित्रातले की शीर्षकातले?

मराठीत ‘रूपक’ हा एकच शब्द अलंकारासाठी, नाट्यप्रकारासाठी आणि रूपकात्मक रचनेसाठीही वापरला जातो. वर्गात त्यामुळे होणारा गोंधळ अध्यापकांच्या परिचयाचा आहे. प्रस्तुत चित्राला रूपक म्हणावयाचे तर उपमेय कोणते, हे चित्राने सुचवावयास हवे. ते येथे सुचवलेले नाही. आशेऐवजी प्रतीक्षा, संध्याकाळ वा केवळ दिवाळी असे म्हटले तरी एकही रेषा बदलावी लागत नाही. तेव्हा आनंदवर्धनाची ध्वनीची परिभाषाच येथे अधिक उपयोगी पडते. वाच्यार्थ पूर्ण असून तो स्वतःपलीकडे निर्देश करतो; वॉट्सच्या चित्रात मात्र उपकरणे वगळली तर आशा उरत नाही.

माध्यमाचाही येथे संबंध येतो. तैलरंगात उजेड वरून चढवता येतो; पारदर्शक जलरंगात तो कागद राखूनच मिळवावा लागतो. ज्योतीपुढच्या बोटांतून झिरपणारी लाली ही अशा राखलेल्या जागेची किमया आहे.

हे चित्र रविवर्म्याचे असल्याचा समज आजही आढळतो. रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तला, एवढे लक्षात घेतले तरी तो टिकत नाही. परंतु या समजाने केवळ चित्रकाराचे नाव झाकले असे नाही. चित्रासाठी उभी राहिली होती ती हळदणकरांची कन्या गीता. दिवाळीत तिच्या हाती दिवा पाहून वडिलांना हा विषय सुचला. पुढे तिचे वास्तव्य कोल्हापुरात होते आणि २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, तिचे निधन झाले. चित्राखाली ‘आशा’ असे लिहून निबंधाचा विषय देणाऱ्या पाठ्यपुस्तकी वाचनात तिला जागा नसते.