रक्तातली सूज आणि मूत्रपिंडाची झीज

दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम भागातले कोयते कारखान्यांकडे निघतात. दिवसभर उन्हात ऊस तोडायचा, प्यायला पाणी बेताचे. आडोसा नाही म्हणून बाया तेही टाळतात. रात्री अंग ठणकले की दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी! या साऱ्याचा भार मूत्रपिंडावर पडतो.

शरीरात कुठेही दाह झाला की यकृत ‘सीआरपी’ नावाचे प्रथिन रक्तात सोडते. १९३० साली टिलेट व फ्रान्सिस या शास्त्रज्ञांनी ते शोधले. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात त्याचे प्रमाण बऱ्याचदा वाढलेले असते. दाह रेंगाळला की मूत्रपिंडाच्या गाळणीवर व्रण पडतात. परंतु सीआरपी म्हणजे नुसता धूर. आग कुठे लागली ते तो सांगत नाही. साध्या संसर्गानेही तो वाढतो आणि मूत्रपिंड बिघडलेले असूनही तो कमी असू शकतो.

म्हणून रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन, दोन्ही तपासावे. क्रिएटिनिनवरून काढलेला गाळणीचा वेग तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर आजार जुनाट समजतात. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा ही तपासणी करावीच. पायांवर सूज येईपर्यंत थांबू नये.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. तो आपला हक्क आहे. बंधू-भगिनींनो, मुकादमाची उचल घेण्याआधी एकदा रक्त-लघवी तपासून घ्या. उचल फिटते, गेलेले मूत्रपिंड परत येत नाही.