शाळेची खिचडी आणि शेजारची मेथी

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिजणारा तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. डाळ, तेल, तिखट-मीठ पुरवठादाराच्या गाडीतून उतरते. या साखळीत गावाच्या हातात उरते ती भाजी. ती कोणती आणायची, कुणाकडून आणायची, हे बहुतेक ग्रामीण शाळांत मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच ठरवतात. ताटात मात्र हीच गोष्ट सर्वांत कमी दिसते. आठवडे बाजारातून कांदे-बटाटे आणि एखादा कोबीचा गड्डा आणला की आठवडा निघतो. शाळेच्या कुंपणापलीकडे मेथीचे वाफे असतात, आणि भाव पडला की तीच मेथी जनावरांपुढे टाकली जाते.

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत, म्हणजे आपल्या जुन्या शालेय पोषण आहारात, पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण १५०, ३० आणि ७५ ग्रॅम आहे. निवडून पाव किलो भरलेली मेथी पाच लहान मुलांची, असा हा हिशेब. मागणी काही फार मोठी नाही.

तिचे महत्त्व मात्र मोठे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. ती मुले आता शाळेच्या बाकांवर आहेत. भात-डाळीतून त्यांना ऊर्जा आणि प्रथिने मिळतात. लोह, फोलेट, अ आणि क जीवनसत्त्व यांसाठी हिरवा पाला आणि रंगीत भाज्या लागतात.

इथे ताजेपणाचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याबाबत बरेच काही भाबडेपणाने बोलले जाते. पालेभाजी दोन दिवस शिळी झाली म्हणून तिच्यातले लोह किंवा कॅल्शियम उडून जात नाही. ती खनिजे आहेत, तिथेच राहतात. घटते ते क जीवनसत्त्व आणि काही प्रमाणात फोलेट. उन्हात, उघड्या टेम्पोत दोन-तीन दिवस फिरलेल्या पालकातले क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात गेलेले असते, आणि वनस्पतिजन्य लोह शरीरात शोषले जायला नेमके तेच मदत करते. सकाळी खुडून दुपारी शिजवलेल्या भाजीचा फायदा तो हा. अर्थात शिजवतानाही ते बरेच नष्ट होते. म्हणून ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळणे हा अगदी स्वस्त उपाय. फोडी उकळत्या खिचडीत टाकून तो साधत नाही. शिवाय जवळचा शेतकरी चवळईचा पाला, अंबाडी, चाकवत, शेवग्याचा पाला देऊ शकतो. लांबच्या वाहतुकीत या भाज्या टिकत नाहीत, म्हणून बाजारात कमी दिसतात.

शाळा आणि शेत जोडण्याचे काम ब्राझीलने कायद्याने केले. तिथली शालेय आहार योजना १९५५ पासूनची. २००९ साली कायदा झाला : केंद्राकडून आहारासाठी येणाऱ्या पैशांपैकी किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून खरेदीवर खर्च व्हायलाच हवी. खरी कळ त्यातल्या खरेदीपद्धतीत आहे. छोटा शेतकरी निविदेच्या कागदांत आणि अनामत रकमेत कधीच टिकत नाही, म्हणून त्याच्यासाठी निविदाच वगळली. पालिका जाहीर करते की अमुक भाजी, अमुक महिन्यात, इतकी हवी. दर स्थानिक बाजार पाहून आधीच ठरतो. एका शेतकरी कुटुंबाकडून वर्षाला किती खरेदी करायची याला मर्यादा आहे, त्यामुळे एखादाच बडा शेतकरी सगळे गिळत नाही. आहारतज्ज्ञ स्थानिक हंगाम पाहून जेवणाची आखणी करतात. सुमारे चार कोटी विद्यार्थी या योजनेत जेवतात. २०२६ पासून ३० टक्क्यांची अट ४५ टक्के झाली आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये योजनेला नवे नाव देताना शेतकरी उत्पादक संस्था आणि महिला बचत गटांना सहभागी करण्यास प्रोत्साहन देण्याचे म्हटले. प्रोत्साहन आणि बंधन यांत फरक असतोच. शाळांना परसबागाही करायला सांगितले जाते. परसबागेतून मुलांना वाफा, बी, गांडूळ कळते आणि ते मोलाचे आहे. पण शंभर मुलांना रोज पाच किलो भाजी चार गुंठ्यांच्या आवारातून वर्षभर निघेल, ही अपेक्षा करू नये. एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार, हाही प्रश्न उरतोच.

शेतकऱ्याच्या बाजूनेही हिशेब पाहावा. शंभर मुलांची शाळा, वर्षाला सुमारे २२० दिवस, म्हणजे ११ क्विंटल भाजी. एका शाळेसाठी रोज पाच किलो पोहोचवणे कुणाला परवडणार नाही. पण तशा दहा शाळा एकत्र आल्या तर रोजची ५० किलो मागणी होते आणि एखादा बचत गट पाच-सहा शेतकऱ्यांना वाफे वाटून देऊ शकतो.

अडचण पैशांची आहे, तीही दोन प्रकारची. मे २०२५ पासून केंद्राने ठरवलेला साहित्याचा दर प्राथमिकसाठी प्रतिविद्यार्थी ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकसाठी १०.१७ रुपये आहे. धान्य वेगळे असले तरी डाळ, तेल, मसाला, इंधन आणि भाजी सगळे यातच बसवायचे. पावसाळ्यात कोथिंबीर कडाडली की भाजीचाच पहिला बळी जातो. दुसरी अडचण उशिराची. अनुदान वेळेवर येत नाही आणि मुख्याध्यापक पदरमोड करतात, ही तक्रार जुनीच आहे. दुकानदार उधारी थोपवतो. दहा गुंठ्यांवाली बाई थोपवू शकत नाही.

थेट शेतातून घेताना एक काळजी मात्र अधिक घ्यावी लागते. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. बाजारात जाणाऱ्या भाजीलाही हा नियम आहेच, पण आज फवारले आणि उद्या शाळेत दिले असे जवळच्या अंतरात सहज घडू शकते. फवारणीची तारीख वहीत नोंदवणे ही खरेदीची पहिली अट असावी. भाजी चिरण्याआधी भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवावी. चिरून धुतली तर माती जाते आणि जीवनसत्त्वेही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. मेथी-पालक साधारण महिनाभरात तोडणीला येतात, भेंडी-गवारीला दीड-दोन महिने लागतात. विहिरीला पाणी असलेल्या शेतकऱ्याने मेच्या मध्यावर बी टाकले तर शाळेच्या पहिल्या आठवड्यात पालेभाजी तयार असते. त्यासाठी शाळेने त्याच्याशी एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्यापूर्वी बोलायला हवे.