इंटरनेटविना पटणारी ओळख

स्टुडिओतला संगणक पुष्कळदा मुद्दाम इंटरनेटपासून तोडून ठेवलेला असतो; ऐन रेकॉर्डिंगमध्ये अपडेटचा व्यत्यय नको म्हणून. अशा एकट्या संगणकावरही ‘एबलटन लाइव्ह’सारखा संगीतनिर्मितीचा प्रोग्राम रीतसर अ‍ॅक्टिव्हेट होतो. प्रोग्राम एक हार्डवेअर कोड दाखवतो. दुसऱ्या संगणकावरून तो कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात भरायचा, मिळालेली छोटी फाइल पेनड्राइव्हवर आणायची, की झालं!

पण समोर सर्व्हर नसताना ती फाइल खरी हे प्रोग्रामला कळतं कसं? अशा परवान्यांच्या मुळाशी डिजिटल सही असते, आणि सहीच्या मुळाशी शुद्ध गणित. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी अशी एक विलक्षण पद्धत शोधली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. पण नुसत्या गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. २०४८ बिटांचा असा गुणाकार लिहून काढला, तर ६१७ अंक होतात!

यातून दोन किल्ल्या घडतात. गुप्त किल्ली कंपनीपाशी राहते, तिच्याने हार्डवेअर कोडावर सही होते. उघड किल्ली प्रोग्रामच्या पोटातच असते. तिच्याने सही पारखता येते, करता मात्र येत नाही. कुणालाही ओळखता यावी, पण घडवता येऊ नये अशी ही राजमुद्रा! हार्डवेअर कोडातलं एक अक्षर बदललं, तरी सही जुळत नाही.

पूर्वी हे काम डोंगल नावाची छोटी वस्तू करत असे. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचा ‘क्युबेस’ हा संगीतनिर्मितीचा प्रोग्राम १९८९मध्ये अटारी एसटी संगणकावर आला, तेव्हा कार्ट्रिजच्या खाचेत डोंगल खोचल्याशिवाय तो चालत नसे. २०२२च्या ‘क्युबेस १२’ने डोंगल सोडलं आणि एका परवान्यावर तीन संगणकांची मुभा दिली. एबलटन दोन संगणकांना परवानगी देते. ‘रीपर’ या अशाच आणखी एका प्रोग्रामची चाचणीची मुदत ६० दिवसांची, ती उलटल्यावरही तो बंद पडत नाही, पैसे भरण्याची फक्त आठवण देत राहतो. पारखण्याचं तंत्र कितीही पक्कं असो, किती संगणक, किती दिवस, ग्राहकावर विश्वास किती, हे माणसंच ठरवतात.

म्हणून परवाना घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: उद्या संगणक बदलला, तर नवी सही कोण देणार? दिलेली सही वर्षानुवर्षं पारखता येते. नव्या यंत्रासाठी मात्र पुन्हा गुप्त किल्लीच लागते, आणि ती कंपनीपाशीच असते. कलाकाराचं काम कंपनीच्या धोरणापेक्षा दीर्घायुषी असू शकतं. त्यासाठी गाण्याचा प्रत्येक ट्रॅक साध्या वेव्ह फाइलमध्येही जपून ठेवावा. ती ऐकायला कुणाच्याही सहीची गरज नसते.