गरम झाल्यावर इंजिन का थरथरते? निदान व उपाय

लवळे, नांदे, सूस, पिरंगुट या भागातील बरेच शेतकरी भाजीपाला स्वतःच्या गाडीने पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात नेतात. पहाटे गाडी चटकन सुरू होते, मात्र अर्ध्या तासाने सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरू लागते. दुर्लक्ष केल्यास एखादे दिवशी गाडी माल भरलेला असताना घाटातच बंद पडते.

पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. नत्र कमी आहे, लोह कमी आहे की मुळाशी पाणी साचले आहे, हे आधी पाहतो. इंजिनाचेही तसेच आहे. माझ्या गाडीचे प्लग व फिल्टर बदलूनही थरथर थांबली नव्हती. शेवटी उंदराने कुरतडलेली एक बारीक रबरी नळी सापडली. म्हणून आधी निदान, मग खर्च.

गरम झाल्यावरच का?

थंड पेट्रोल इंजिनाला जास्त पेट्रोल मिळते व त्याचे फेरेही जास्त, साधारण मिनिटाला १२०० ते १५००, असतात. त्यामुळे बारीकसारीक दोष झाकले जातात. इंजिन तापले की फेरे ७०० ते ९०० पर्यंत उतरतात, पेट्रोल मोजूनमापून मिळते आणि दोष उघडे पडतात.

प्रथम काय पाहावे?

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू ठेवावे. सायलेन्सरचा आवाज एकसारखा असेल व फेऱ्यांचा काटा स्थिर असेल, तर माउंटिंगचा संशय घ्यावा. आवाज तुटक येत असेल व काटा हलत असेल, तर एखादा सिलिंडर 'मिसिंग' करीत आहे असे समजावे.

कारणे व उपाय

१) माउंटिंग : इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते ते फाटले किंवा दबले की हादरे थेट बॉडीत येतात. टॉर्चच्या उजेडात रबराला भेगा आहेत का, ते पाहावे. फाटलेले माउंटिंग बदलणे हाच उपाय.

२) हवेची गळती : थ्रॉटलच्या पुढे जोडलेल्या रबरी नळ्या तडकल्या किंवा उंदराने कुरतडल्या की जादा हवा आत शिरते. बारीक 'सूं' असा आवाज येतो. गाडी भाताच्या तुसाजवळ किंवा पेंढ्याजवळ उभी राहत असेल तर हे आधी तपासावे. थ्रॉटलवर काजळी साचली असल्यास ती साफ करून घ्यावी. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल कधीही शिंपडू नये.

३) प्लग व कॉइल : इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून पाहावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, पांढरेफटक टोक म्हणजे इंधन कमी किंवा उष्णता जास्त, तेलकट टोक म्हणजे ऑइल आत येत आहे. कॉइल मात्र थंड असताना चांगली चालते आणि तापल्यावर दगा देते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास संशयित कॉइलची शेजारच्या कॉइलशी अदलाबदल करावी. मिसिंग त्या सिलिंडरकडे सरकले तर कॉइलच खराब आहे. स्कॅनरवर पी ०३०२ असा कोड आला तर दोष दुसऱ्या सिलिंडरमध्ये आहे, असा त्याचा अर्थ.

४) टॅपेट : व्हॉल्व्हची फट कमी झाली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही व कॉम्प्रेशन गळते. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्हची बैठक झिजून असे घडू शकते. फट पुस्तिकेतील मापाप्रमाणे फिलर गेजने बसवून घ्यावी. ती थंड इंजिनावर मोजायची की गरम, हेही पुस्तिकेत पाहावे. हायड्रॉलिक टॅपेट असल्यास ही जुळणी लागत नाही.

५) सीएनजी : गाडी पेट्रोलवर चालवून पाहावी. थरथर फक्त सीएनजीवर असेल तर गॅसचा फिल्टर व इंजेक्टर तपासावेत. प्लगही पाहावेत, कारण सीएनजीला ठिणगी जोरकस लागते.

६) डिझेल इंजिन : फिल्टर तुंबणे, पाइपातून हवा घेणे व नोझल खराब होणे ही मुख्य कारणे होत. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १००० बारच्याही वर जातो. त्याचा पाइप चालू इंजिनावर कधीही सैल करू नये. ती धार कातडीतून आत शिरते.

ही काळजी घ्यावी

- गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. पाणी सारखे कमी होत असेल व सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे. गाडी पुढे रेटू नये.
- इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी सावकाश बाजूला घेऊन बंद करावी. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो अतिशय तापतो. अशी गाडी वाळल्या गवतावर किंवा पेंढ्यावर उभी करू नये, आग लागू शकते.

गॅरेजमध्ये नुसते "गाडी थरथरते" असे न सांगता ती किती वेळाने, कोणत्या इंधनावर व उभी असताना की चालताना थरथरते, हे वहीत लिहून न्यावे. नेमके लक्षण सांगितले तर नेमकाच भाग बदलला जाईल, खर्च वाचेल आणि माल वेळेवर बाजारात पोहोचेल.